गुलाबी ठिपके

चष्म्याच्या दुकानातून फोन आला तेव्हा रेघोबा उंटाच्या गुडघ्यापाशी अडला होता. उंटाचा गुडघा मोठा खोडसाळ. जिथे असावा असं वाटतं तिथे तो नसतो, आणि नको तिथे बाहेर आलेला असतो. पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचा उंट बसता करायचा होता आणि तो काही केल्या बसत नव्हता. त्यात फोन वाजला. बायकोचं नाव दिसलं म्हणून रेघोबाने पडद्यावरची नजर न काढताच तो कानाला लावला.

"काय गं, वाढला ना नंबर? सांगत होतो मी."

पलीकडे पुरुषाचा आवाज. "रेघोबा... आपणच का? फोनमध्ये हेच नाव आहे."

"हो, मीच. हिचा फोन तुमच्याकडे कसा?"

"काका, मी चष्मेवाला बोलतोय. तुम्ही जरा दुकानात या. काकू फ्रेमी बघत होत्या. आरशासमोर बसल्या होत्या. समोरचे डॉक्टर आलेत. तुम्ही या."

माणूस एवढ्यात दोनदा 'तुम्ही या' म्हणाला, की पुढे काही विचारायचं नसतं. रेघोबा घरातल्याच चपलांवर निघाला. पोचला तेव्हा ती खुर्चीतच होती. नवी फ्रेम डोळ्यांवर तशीच होती आणि फ्रेमला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी कानापाशी लोंबत होती. कुणीतरी ती काढायला हवी होती. शेवटी रेघोबानेच काढली.

माणसं आली, गेली. लेक आली, घर आवरून, फ्रिजला काय कुठे आहे याच्या चिठ्ठ्या लावून परत आपल्या गावी गेली. तिचा दातांचा दवाखाना होता आणि लोकांचे दात काही कुणासाठी थांबत नाहीत. मेव्हणी रोज संध्याकाळी फोन करायची आणि "जेवलात का?" विचारायची. रेघोबा "हो" म्हणायचा. दोघांनाही ठाऊक असायचं की ही नुसती हजेरी आहे.

रेघोबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. लग्नाच्या आधीपासून ती त्याला तसं म्हणायची. ती तेव्हा भिंतीच्या रंगांच्या दुकानात गल्ल्याच्या मागे उभी असायची आणि गिऱ्हाईक सांगेल तो रंग डबा हलवून काढून द्यायची. हा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. दर आठवड्याला येऊन काळा रंग मागायचा, दुसरा कधीच नाही. एकदा तिने विचारलं, "तुमच्या गावात सगळं काळंच असतं का हो?" हा म्हणाला, "मी फक्त रेघा काढतो. आत रंग कुणी भरायचा ते गिऱ्हाईक बघून घेतं." तेव्हापासून रेघोबा. पुढे आत रंग भरायचं काम तिनेच अंगावर घेतलं, आणि ते जन्मभर केलं.

सुरुवातीला कागदावर. मुलांच्या मासिकात त्याची चित्रकथा यायची. तो काळ्या शाईने काढायचा, ती खिडकीतल्या टेबलाशी ब्रशने रंगवायची. मग कॉम्प्युटर आला. रेघोबाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "काचेवर काय चित्र काढायचं? माशी बसली तर तीही चित्रात यायची." लेक तेव्हा कॉलेजात होती. तिने आईला शिकवलं. आई शिकली, आणि वर्षभराने आईने बापाला शिकवलं. शिकवताना तिने सोपं करून सांगितलं होतं, "समजा, काचेच्या पट्ट्या एकावर एक ठेवल्यात. सगळ्यात वरच्या काचेवर तुमच्या रेघा. खाली माझे रंग. मधे सावल्या. प्रत्येक काचेला लेयर म्हणायचं. तुम्ही तुमच्या काचेवर काय वाट्टेल तो गोंधळ घाला, माझ्या काचेला हात लावायचा नाही."

त्याने तो लावलाही नाही. दोघांची टेबलं एकाच खोलीत, एकमेकांकडे पाठ करून. तो रेघा काढून झाल्या की म्हणायचा, "पाठवलं." मागून आवाज यायचा, "आलं." एका खोलीत बसून दोन माणसं एकमेकांना सामान पाठवताहेत याचं मेव्हणीला फार हसू यायचं. रंग भरताना तो कधी मधेच वळून सांगायला लागला, "तिथे जरा गडद कर, आणि तो दरवाजा हिरवा नको," की ती मान न वळवता म्हणायची, "अहो, उंटावरून शेळ्या हाकू नका."

उंट होताच खरा. गेली कितीतरी वर्षं दोघं मिळून उंटराव शिंप्याची चित्रकथा करत होती. उंटराव साऱ्या गावाचे कपडे शिवतो, जिराफाच्या मानेचेही आणि कासवाच्या पाठीचेही, पण त्याच्या स्वतःच्या मदारीवर बसेल असा सदरा मात्र कुणालाच शिवता येत नाही. त्याचा रंग तिने कसा काढला याची घरात गोष्ट झाली होती. तिने रेघोबाला हात पुढे करायला लावला, दुकानातून आणलेलं जुनं शेडकार्ड त्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत लावून बघितलं, आणि म्हणाली, "हा." कॉम्प्युटरमध्ये ती प्रत्येक रंगाला नाव द्यायची. लाल होता 'ताईचा राग'. एक मळकट तपकिरी होता 'पाहुण्यांचा दुसरा चहा'. उंटाच्या रंगाचं नाव होतं नुसतं 'हे'.

आता उंटरावाची सगळी पानं एका पुस्तकात येणार होती. त्यासाठी शेवटी एक नवं पान काढायचं होतं. गावातली सगळी जनावरं मिळून उंटरावासाठी सदरा शिवून आणतात, आणि तो त्याला नीट बसतो. पाच चौकटी. रेघोबाने रेघा काढून दिल्या होत्या. ती गेली त्या दिवशी सकाळी ती त्याच पानावर काम करत होती. उठताना म्हणाली, "डोळ्यांपुढे मुंग्या फिरताहेत हो. नंबर तपासून येते." हा उंटाच्या गुडघ्यात. पाठ न वळवता म्हणाला, "ये."

महिना सरत आला तसा संपादकबाईंचा फोन आला. बोलायला मायाळू, पण कामाच्या पक्क्या.

"काका, विचारायला जीव होत नाही. पण त्या शेवटच्या पानाचं..."

"होईल."

"आमच्याकडे एक मुलगी आहे. रंगाचा हात चांगला आहे तिचा. काकूंची जुनी पानं समोर ठेवून अगदी तसंच करेल. तुम्ही फक्त फाईल पाठवा."

"अगदी तसंच म्हणजे कसं?"

"म्हणजे, काकूंसारखं."

"ते पान तिचं आहे," रेघोबा म्हणाला. "तिने सुरू केलंय. मी पुरं करतो."

"तुम्ही? रंग?"

"का? रंगांधळा नाहीये मी."

"तसं नाही काका. बरं, सोमवारपर्यंत बघा. जमलं तर उत्तमच. नाही तर मग मला मुलीकडे द्यावं लागेल. छपाई माझ्या हातात नाही."

जन्मात पहिल्यांदा रेघोबा तिच्या टेबलाशी बसला. खुर्ची त्याला फार वर होती, पाय अधांतरी राहिले. ती बुटकी. या खुर्चीवर चढून बसायची आणि पाय टेबलाच्या आडव्या दांडीवर ठेवायची. दांडीचा रंग तिथे पार गेला होता. पेन फिरवायच्या पाटीवरही मधोमध एक गुळगुळीत चकाकी आली होती, पायरीच्या दगडाला येते तशी.

त्याने पान उघडलं. रंग अजून कुठेच नव्हता, त्याच्या काळ्या रेघा होत्या. आणि त्या रेघांच्या आजूबाजूला, वरच्या तीन चौकटींत, जिकडे तिकडे भडक गुलाबी ठिपके. उंटाच्या मानेपाशी, जिराफाच्या कानापाशी, दुकानाच्या कौलांत, शिवणयंत्राच्या चाकात. काही ठिपके, काही बारीक फराटे. कशाला काही अर्थ नव्हता.

रेघोबा बघत राहिला. तिचा हात कधी हलत नसे. डब्यात रंगाचा थेंब मोजून टाकणारी बाई ती. त्या सकाळी तिचा हात थरथरत होता, पेन जागोजाग टेकत होतं, आणि ती तशीच काम करत बसली होती. त्याच खोलीत. याच्या पाठीमागे. आणि हा म्हणाला, "ये."

ते ठिपके त्याला बघवेनात. कागदाच्या दिवसांत रंगाआधी तो खोडरबराचा कचरा रुमालाने झटकून पान स्वच्छ करून द्यायचा. तीच सवय हाताला आठवली. कुठल्या काचेवर ठिपके आहेत ते त्याने शोधलं. त्या लेयरला नावही दिलेलं नव्हतं. त्याने तो उचलून टोपलीत टाकला. पान लख्ख झालं. त्याने सेव्ह केलं, मशीन बंद केलं आणि नंतर बराच वेळ बाल्कनीत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी अंघोळ उरकून, शुभकार्याला बसावं तसा तो कामाला बसला. तिचे रंग उघडले. 'हे' निवडला. रंग ओतायची बादली कशी धरायची ते शंभरदा पाठीमागून ऐकलं होतं. उंटाच्या मानेवर टेकवली.

उंट रंगला. मागची भिंतही रंगली. जिराफ रंगला, दुकान रंगलं, आभाळ रंगलं. सगळं गाव उंट झालं.

त्याने मागे घेतलं. पुन्हा टेकवली, या वेळी हळूच, जणू हळू टेकवलं तर रंग कमी सांडेल. सगळं गाव पुन्हा उंट. त्याने लेकीला फोन लावला.

"बाबा, पेशंट आ करून बसलाय. पटकन बोला."

"तुझ्या आईचं मशीन बिघडलंय."

"बिघडलं म्हणजे?"

"गळतंय."

"मशीन गळतं का हो? थांबा, दुपारी करते फोन. काही दाबू नका!"

दुपारी तिने फोन केला आणि त्याचा पडदा तिकडे आपल्या पडद्यावर घेतला. "हं, आता दिसतंय मला तुम्हाला दिसतं ते. ओता बघू."

त्याने ओतला. लेक हसली. हसली आणि मग म्हणाली, "बाबा, आईचा बुजवायचा लेयर कुठाय?"

"कसला बुजवायचा?"

"अहो, भोकं बुजवायचा. तुमच्या रेघांतली."

"माझ्या रेघांत भोकं नाहीत. होती पूर्वी. पहिल्या वर्षी तुझी आई सारखी ओरडायची, अहो, तुमच्या रेघेला भोक आहे, रंग बाहेर आला. मग हात बसला माझा काचेवर. कित्येक वर्षांत ती एकदाही ओरडली नाही."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"बाबा, जुनं कुठलंही पान उघडा. हं, हेच. आता एकेक काच झाका. रेघा झाका. रंग झाका. सावल्या झाका. खाली एक झाकलेली काच आहे, तिच्या नावापुढचा डोळा मिटलेला. तो उघडा."

त्याने उघडला. पांढऱ्याशुभ्र पानावर गुलाबी ठिपके आणि बारीक फराटे. शेकड्यांनी. बाकी काही नाही. रेघोबा वाकून बघू लागला, आणि बघता बघता त्याला त्या ठिपक्यांत उंट दिसायला लागला. मान, मदार, बसतानाचा तो वैतागवाणा गुडघा. ज्या ज्या ठिकाणी त्याची रेघ सुटली होती त्या त्या ठिकाणी एक टाका होता.

"सगळ्या पानांत आहे?" त्याने विचारलं.

"सगळ्या. आधी बुजवायचं, मग रंग ओतायचा, मग बुजवलेलं झाकून टाकायचं. म्हणजे रंग आतच राहतो आणि रेघ दिसायला उघडीच दिसते. मी गंमत करायचे तिची. म्हणायचे, मी लोकांच्या दातांतली भोकं बुजवते, तू बाबांच्या रेघांतली. फरक एवढाच, की माझे पेशंट निदान आ तरी करतात."

"मला का नाही सांगितलं?"

"मला म्हणाली होती, त्यांना बोलू नकोस. सांगितलं तर ते मुद्दाम बंद रेघा काढतील, आणि उंटाचं डबडं होईल."

रेघोबाला पाट्या रंगवायला शिकवणाऱ्या उस्तादाचं एक म्हणणं होतं, की रेघ सगळीकडून बंद केली की आत वारा जात नाही आणि चित्र गुदमरतं. ते त्याने बायकोला एकदा, लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, सांगितलं होतं. तो स्वतः विसरून गेला होता. हाताला तेवढं आठवत होतं.

"आणि हल्ली मशीन आपणहून भोकं बुजवतं," लेक सांगत होती, "तशी सोय आहे. पण आईने ती बंद करून ठेवली होती. म्हणायची, मेल्या मशीनला उघडं दार आणि पडलेली भिंत यातला फरक कळत नाही. बरं, या नव्या पानावर तिने काही बुजवलं होतं का? सुरुवात तर त्यानेच करायची ती."

"होतं."

"मग ते उघडा ना."

"काढलं मी. टाकून दिलं."

"टाकून? बाबा! सेव्ह केलंत?"

"सेव्ह केलं. मशीनपण बंद केलं."

"मग गेलं ते," लेक म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "पण का टाकलंत?"

"मला वाटलं," रेघोबा म्हणाला आणि थांबला. "मला वाटलं तिचा हात थरथरला. त्या सकाळी. मी पाठ करून बसलो होतो."

लेकीच्या मागे कुणीतरी चूळ भरत होतं.

"बाबा, नीट आठवा. ते ठिपके कुठे होते? कुठेही होते की रेघांच्या तोंडाशी?"

त्याने डोळे मिटले. चित्रकाराची नजर. जे एकदा बघितलं ते जात नाही. मानेपाशी, जिथे त्याने रेघ उचलली होती. कौलांत, जिथे दोन रेघा भेटता भेटता राहिल्या होत्या. चाकात, बरोबर आऱ्याच्या टोकाला.

"तोंडाशी," तो म्हणाला. "सगळे तोंडाशीच."

"मग थरथरणारा हात एवढ्याशा फटीत बरोबर बसतो का? माझा नाही बसत. आणि मी रोज तेच करते."

"म्हणजे ती बरी होती."

"मस्त होती. तीन चौकटी बुजवल्या म्हणजे तासभर तरी बसली होती. बडबडतपण असेल."

बडबडतच होती. आता त्याला ते आठवलं. चष्मा गोल घ्यावा की चौकोनी, हे ती विचारत होती. गोल घेतला तर घुबड दिसेन आणि चौकोनी घेतला तर शाळेतली मुख्याध्यापिका. हा म्हणाला होता, "दोन्ही खरंच आहे." त्यावर ती हसली होती, आणि मागे पेनची टकटक सुरूच होती.

फोन ठेवल्यावर रेघोबा त्या उंच खुर्चीवर बसून राहिला. कालपासून छातीवर बसलेला दगड उतरला होता, आणि त्याच जागी दुसरा येऊन बसला होता. तिचा हात शेवटपर्यंत ठीक होता. आणि त्या ठीक हाताचं शेवटचं काम त्याने कचरा म्हणून झटकून टाकलं होतं.

त्याने आधी सोपी वाट धरून बघितली. आपल्याच रेघा पुन्हा ओढून बंद केल्या. पहिल्या चौकटीतला उंट टोकापासून टोकापर्यंत मिटवून टाकला. रंग ओतला. थेंबभर बाहेर आला नाही. पण उंट उंट राहिला नाही, झाकण बसवलेलं डबडं झाला. तिने सांगितलं होतं तसंच. त्याने ते सगळं मागे घेतलं आणि एक नवी काच टाकली. भडक गुलाबी रंग घेतला.

जुनं पान एका बाजूला उघडून ठेवलं आणि तिचा एकेक टाका बघत बघत तो शिकला. ती रेघेच्या टोकाला टोक जोडायची नाही. जरा आतून घ्यायची, रंगाच्या बाजूने, रेघेला धक्का न लावता. मोठी फट असेल तिथे दोन छोटे टाके, एक मोठा नाही. आणि केसांत, गवतात, धुरात बुजवायचीच नाही, तिथला रंग हाताने भरायची. हे सगळं त्याच्याच चित्रात चाललं होतं आणि त्याच्या गावीही नव्हतं. मुंगीच्या पावलाने काम पुढे सरकू लागलं. कुठेतरी एखादं भोक राहायचंच आणि गाव पुन्हा उंट व्हायचं. तेव्हा तो मोठ्याने म्हणायचा, "अहो, तुमच्या रेघेला भोक आहे!" आणि शोधायला लागायचा.

मेव्हणीचा फोन आला. "जेवलात का?"

"नाही," तो म्हणाला. "कासवाचं कवच बुजवतोय."

"काय?"

"जेवतो. पोळीभाजी आहे. खरंच जेवतो."

सोमवारी त्याने संपादकबाईंना वरच्या तीन चौकटी पाठवल्या. नुसते सपाट रंग. त्यांचा लगेच फोन आला.

"काका, हे कुणी केलं?"

"का, वाईट आहे?"

"नाही हो. तिसऱ्या चौकटीतला तो दरवाजा मात्र हिरवा आहे. काकू कधी..."

"तिला तो हिरवाच हवा असायचा. मीच नको म्हणायचो."

बाई म्हणाल्या, "मी छापखान्याशी बोलते. ते पान मुलीकडे देत नाही. तुम्ही पुरं करा. पण काका, लवकर."

"रेघा माझ्या आहेत, तेव्हा लवकर होणार नाही," रेघोबा म्हणाला. "होईल तेव्हा पाठवतो."

चौथी चौकट बुजवून झाली आहे. पाचव्या चौकटीत उंटराव नवा सदरा घालून आरशासमोर उभा आहे. तिथल्या फटी अजून उघड्याच आहेत. सावल्या तर एकाही चौकटीत टाकलेल्या नाहीत. त्या ती कशा टाकायची, हे त्याला अजून शिकायचं आहे.